पहिल्यांदा पीसी जोडताय? मग कॅबिनेट सगळ्यात शेवटी हातात घ्या

पहिल्यांदा पीसी जोडणारा माणूस हमखास एक गोष्ट करतो. सगळे बॉक्स एकदम फोडतो, मदरबोर्ड उचलतो, थेट कॅबिनेटमध्ये ठेवून स्क्रू आवळून टाकतो, आणि मग त्या पत्र्याच्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून, दातात मोबाइलचा टॉर्च धरून, प्रोसेसरची वायर नक्की कुठे लावायची ते शोधत बसतो. मीही हेच केलेलं. वर मागच्या पोर्टांभोवती बसणारी ती पत्र्याची पट्टी, आयओ शील्ड, ती बोर्डाच्या बॉक्समध्येच राहिली, आणि हे कळलं कधी, तर सगळं जोडून झाल्यावर. मग काय, कार्ड काढा, वायरी काढा, बोर्ड काढा, आणि परत पहिल्यापासून.

जोडायचं काम तसं अवघड नाही हो. बहुतेक कनेक्टर चुकीच्या जागी बसतच नाहीत, अपवाद आहेत ते पुढे सांगतो. खरी मेख क्रमात आहे. जे काम कॅबिनेटच्या बाहेर, टेबलावर, उजेडात होऊ शकतं ते सगळं बाहेर उरकायचं, आणि तयार झालेला बोर्ड मग आत न्यायचा.

आधी मापं बघा

हे खरं तर विकत घेण्याआधीच करायचं, पण निदान बॉक्स फोडण्याआधी तरी करा, म्हणजे परत करायची वेळ आली तर तोंड दाखवायला जागा राहील. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात तीन गोष्टी बघायच्या: कुठल्या साइजचा बोर्ड बसतो, ग्राफिक्स कार्ड किती लांबीचं बसतं, आणि प्रोसेसरचा कूलर किती उंचीचा बसतो. पूर्ण एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटरचा असतो, मायक्रो एटीएक्स २४४ बाय २४४ आणि मिनी आयटीएक्स १७० बाय १७०. मोठ्या कॅबिनेटमध्ये छोटा बोर्ड बसतो, उलटं होत नाही.

कार्डाच्या लांबीत एक छुपा खड्डा आहे. कॅबिनेटवर लिहिलेली लांबी समोर रेडिएटर नाहीये असं धरून लिहिलेली असते. तुम्ही वॉटर कूलरचा रेडिएटर समोर लावणार असाल तर साधारण २७ मिलिमीटरचा रेडिएटर आणि २५ मिलिमीटरचा फॅन, म्हणजे पाच सेंटिमीटर तिथेच गेले.

हत्यारं फार लागत नाहीत. दोन नंबरचा चौफुलीचा स्क्रू ड्रायव्हर, टोकाला लोहचुंबक असलेला मिळाला तर उत्तमच, एक अगदी बारीक टोकाचा एसएसडीच्या स्क्रूसाठी, थोडे झिप टाय, आणि स्क्रू ठेवायला एक वाटी. चुंबकामुळे काहीतरी जळेल ही भीती सोडून द्या, हातातून सुटून बोर्डाखाली गेलेला स्क्रू त्याच्यापेक्षा कितीतरी धोक्याचा. स्टॅटिकचंही तसंच, उगाच बाऊ नको पण गालिच्यावर बसून हे काम करू नका, आणि पार्टला हात लावण्याआधी एखाद्या मोठ्या, रंग नसलेल्या धातूच्या वस्तूला हात लावायची सवय ठेवा.

टेबलावरचं काम

बोर्डाचा रिकामा पुठ्ठ्याचा बॉक्स घ्या आणि त्यावर बोर्ड ठेवा. ज्या चमकत्या पिशवीतून बोर्ड आला तिच्यावर ठेवून करंट देऊ नका, काही पिशव्या बाहेरच्या बाजूने थोडी वीज वाहून नेतात. पुठ्ठा सगळ्यात बरा.

सगळ्यात आधी प्रोसेसर, आणि पहिल्यांदा करणाऱ्याचे हात इथेच थरथरतात. इंटेलच्या आणि एएमडीच्या एएम५ सॉकेटमध्ये पिना बोर्डावर असतात, प्रोसेसरच्या पोटाला नुसते सोनेरी ठिपके. जुन्या एएम४ मध्ये उलटं, पिना प्रोसेसरला. पिना कुठेही असोत, त्यांना बोट लागता कामा नये, सॉकेटवर तर वरून काही पडूही द्यायचं नाही कारण वाकलेली पिन सरळ करणं म्हणजे भिंगाखालचं काम आहे. प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा त्रिकोण असतो, सॉकेटवरही तसाच असतो, तो जुळवायचा आणि प्रोसेसर दोन कडांना धरून नुसता ठेवायचा. दाबायचं नाही. तो स्वतःच्या वजनाने बसतो, बसत नसेल तर दिशा चुकलीये.

मग खटका खाली घ्यायचा. आता इंटेलच्या आणि एएम५ च्या सॉकेटचा खटका घट्ट असतो, दाबताना किंचित करकर होते आणि आपण काहीतरी मोडलं असं वाटतं. मोडत नाही. वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण त्या दाबाने आपोआप उडून निघतं, ते फेकू नका, बॉक्समध्ये जपून ठेवा, बोर्ड कधी वॉरंटीत द्यायची वेळ आली तर सॉकेट झाकून पाठवावं लागतं.

रॅम. चार स्लॉट आणि दोन कांड्या असतील तर प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या, बोर्डावर त्यांना ए२ आणि बी२ म्हणतात. शेजारी शेजारी लावल्या तर पीसी चालू होईलही पण बऱ्याचदा सिंगल चॅनलवर, म्हणजे दोन्ही कांड्या एकाच वाटेवर, हळू चालेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. रॅमच्या कडेला एक खाच असते, ती मध्यभागी नसते, त्यामुळे उलटी बसत नाही. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना, पण खाच वेगळ्या जागी, म्हणून एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी जात नाही. दोन्ही टोकांवर अंगठे ठेवून जोर लावा, टक्क आवाज यायला हवा. नवीन लोक इथे जोर कमी लावतात आणि मग चालू होत नाही म्हणून रडतात.

एम.२ एसएसडी, म्हणजे सरळ बोर्डावर बसणारी पट्टी, असेल तर आत्ताच लावून टाका, नंतर ग्राफिक्स कार्ड डोक्यावर बसलं की तिथे बोट जात नाही. बहुतेक एसएसडी २२८० साइजच्या असतात, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ८० लांब, तेव्हा खालचा छोटा खांब त्या जागी आहे का बघा. तिरकी घालायची, साधारण ३० अंशांत, मग खाली दाबून स्क्रू किंवा फिरकी लावायची. स्लॉट शक्यतो प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा निवडा, तो बहुधा सरळ प्रोसेसरला जोडलेला असतो. वर हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) असेल तर त्याच्या पॅडवरची पारदर्शक फिल्म काढा. काही बोर्डांत ठरावीक एम.२ स्लॉट वापरला की एखाद-दुसरा साटा पोर्ट (हार्ड डिस्कची वायर लागते ती जागा) बंद पडतो, हे मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं आणि कोणी वाचत नाही, मग हार्ड डिस्क दिसत नाही म्हणून रात्र जाते.

आता कूलर. प्रोसेसरसोबत आलेल्या बऱ्याच कूलरना खाली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारी) आधीच लावलेली असते, त्यावर परत लावू नका. नसेल तर वाटाण्याएवढा थेंब मध्यभागी टाका, बस. कूलरच्या दाबाने ती पसरते, सुरीने लोण्यासारखी फासत बसायची गरज नाही. कूलरच्या तळाला प्लॅस्टिकची फिल्म असते, ती काढा. हे वाचून हसाल, पण माझ्या एका मित्राचा नवाकोरा पीसी दर दहा मिनिटांनी बंद पडायचा, दोन दिवस आम्ही एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, संशय घेत होतो आणि शेवटी कूलर काढला तर खाली फिल्म, वर छापलेलं की वापरण्यापूर्वी काढा.

स्क्रू आवळताना एक पूर्ण आणि मग दुसरा असं करायचं नाही, समोरासमोरच्या कोपऱ्यांना थोडं थोडं, आळीपाळीने. झालं की कूलरच्या फॅनची वायर बोर्डावर सीपीयू फॅन लिहिलंय तिथेच लावा, दुसरीकडे लावली तर सुरू होताना बोर्ड फॅन सापडत नाही म्हणून अडून बसतो.

कूलर जर उंच टॉवरवाला धिप्पाड असेल तर माझं मत वेगळं आहे. तो बाहेर लावला की बोर्ड आत नेताना जड जातो आणि वरच्या डाव्या कोपऱ्यातल्या पॉवरच्या सॉकेटपर्यंत बोटं पोचत नाहीत. अशा वेळी मागची प्लेट तेवढी बाहेर बसवायची आणि कूलर आत गेल्यावर, ती वायर लावून झाल्यावर.

कॅबिनेटमध्ये जाण्याआधी एकदा चालवून बघा

हा भाग लोक टाळतात, आणि मी म्हणेन की हाच सगळ्यात जास्त वेळ वाचवतो. टॉवर कूलर आत गेल्यावर लावणार असाल तर मात्र ही चाचणी तो लावल्यावरच, कूलरशिवाय चालवू नका. एसएमपीएस शेजारी ठेवा, २४ पिनांची मोठी वायर आणि प्रोसेसरची ८ पिनांची वायर बोर्डाला लावा. प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर मॉनिटर सरळ बोर्डाच्या पोर्टला जोडा. इंटेलच्या नावात शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक्स नाही, मग कार्ड लावूनच बघावं लागेल, ते काळजीपूर्वक धरून. पॉवर बटण अजून नाहीये, तर बोर्डावर पॉवर स्विचच्या ज्या दोन पिना आहेत त्यांना स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकत्र शिवायचं, झालं चालू. फक्त त्याच दोन पिना, मॅन्युअलमधलं चित्र समोर ठेवून.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा स्क्रीन लगेच येणार नाही. बोर्ड रॅमचा अंदाज घेत बसतो, काही मिनिटं सहज जातात, आणि घाबरून बंद केलं की परत पहिल्यापासून. चहा प्या. बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधीची बोर्डाची स्वतःची सेटिंगची स्क्रीन, दिसलं, त्यात प्रोसेसरचं नाव, रॅमचा आकडा आणि एसएसडी दिसली की बंद करा, एसएमपीएसचा स्विच बंद करा, प्लग काढा. आता पुढे काही बिघडलं तर पार्ट खराब नाहीत हे तुम्हाला माहितीये, चूक जोडणीतच शोधायची.

आता कॅबिनेट

दोन्ही बाजूंची दारं काढा. काचेचं दार असेल तर ते कापडावर किंवा गादीवर आडवं ठेवा, फरशीवर उभं टेकवू नका. टफन्ड काच मधोमध बुक्की मारली तरी सहन करेल, पण कडेचा कोपरा फरशीवर टेकला की क्षणात चुरा होतो. मग कॅबिनेट आडवं पाडा, उभ्या कॅबिनेटमध्ये बोर्ड लावणं म्हणजे भिंतीवर फोटो लावताना खिळा, फोटो आणि हातोडा तिन्ही एकाच हातात धरण्यासारखं आहे.

आतल्या पत्र्यावर पितळेचे छोटे खांब असतात, त्यांना स्टँडऑफ म्हणतात, बोर्ड त्यांच्यावर बसतो आणि पत्र्यापासून अधांतरी राहतो. एटीएक्स बोर्डाला साधारण नऊ भोकं, आयटीएक्सला चार. बोर्डाला जिथे भोक तिथेच खांब हवा. हे मोजून बघाच, कारण बोर्डाला भोक नसलेल्या जागी एखादा खांब राहिला तर तो मागून सर्किटला टेकतो आणि शॉर्ट होतो.

आयओ शील्ड बोर्डाला आधीच जोडलेली नसेल तर आत्ता आतून बाहेरच्या दिशेला दाबून बसवा, चारही कोपऱ्यांना टक टक आवाज. परत सांगतो, आत्ता.

बोर्ड आत न्यायच्या आधी प्रोसेसरची ८ पिनांची वायर मागून वरच्या डाव्या भोकातून काढून ठेवा. मग बोर्ड थोडा तिरका करून पोर्ट आधी शील्डमध्ये सरकवा, भोकं खांबांवर आणा, सगळे स्क्रू आधी सैल लावा आणि मग एकेक आवळा. घट्ट म्हणजे जाम नाही, हाताला थांबलं की थांबायचं.

स्क्रूंच्या पिशवीत दोन जाती मिसळलेल्या असतात, जाड आट्यांचे आणि बारीक आट्यांचे. जाड आटे एसएमपीएसला आणि ३.५ इंची हार्ड डिस्कला, बारीक आटे २.५ इंची एसएसडीला. स्टँडऑफना कुठला ते कॅबिनेटवर अवलंबून आहे, दोन बोटांनी फिरवून बघा, सहज गेला तर तोच. पहिल्याच फेरीला अडला आणि तुम्ही जोर केला की आटे गेले.

एसएमपीएस बहुतेक कॅबिनेटांत खाली, मागच्या बाजूला. खाली जाळी आणि फिल्टर असेल तर त्याचा फॅन खाली तोंड करून. मॉड्युलर, म्हणजे वायरी सुट्या निघणारा, असेल तर लागणाऱ्या वायरी आत ठेवण्याआधीच त्याला लावा.

इथे तो अपवाद येतो. प्रोसेसरची ८ पिनांची आणि ग्राफिक्स कार्डाची ८ पिनांची वायर दिसायला बहिणी आहेत पण आतली जोडणी वेगळी, एकीची जागा दुसरीला द्यायची नाही. ओळखायचं असं की प्रोसेसरची मधोमध दुभंगते, चार आणि चार, कार्डाची सहा आणि दोन. प्लॅस्टिकच्या खाचा अडवतातच, पण जोर करणाऱ्याला कोण अडवणार.

समोरच्या बटणांच्या वायरी

हा सगळ्यात किचकट भाग, तो मुंगीएवढ्या कनेक्टरांमुळे. पॉवर स्विच, रीसेट स्विच, हार्ड डिस्कचा दिवा, पॉवरचा दिवा, सगळ्या बोर्डाच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात नऊ पिनांच्या एका गटावर. स्विचला प्लस मायनस नसतं, कसाही लावा. दिव्याला असतं, उलटा लावला तर जळत नाही, फक्त पेटत नाही, काढून फिरवायचा. मॅन्युअल उघडून चित्र बघूनच लावा, इथे आठवणीवर काही चालत नाही.

समोरच्या यूएसबी ३ चा जाड निळा किंवा काळा कनेक्टर १९ पिनांचा, त्याला सरळच घाला, तिरका ओढला की पिना वाकतात. समोरच्या ऑडिओची वायर बहुतेक बोर्डांत डाव्या खालच्या टोकाला जाते, आणि ती नेहमीच चार बोटं कमी पडल्यासारखी वाटते, मागून वळवून आणा.

फॅन आणि हवा

फॅनला दोन बाजू, एक मोकळी आणि एक जिथे पात्यांमागे आडव्या दांड्या दिसतात. हवा मोकळ्या बाजूने आत जाते आणि दांड्यांच्या बाजूने बाहेर पडते. समोरून आत, मागून आणि वरून बाहेर, एवढं केलं तरी ९० टक्के कॅबिनेटांचं भागतं. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवली तर फटींमधून धूळ कमी शिरते. टॉवर कूलरचा फॅनही मागच्या दिशेला फुंकायला हवा. वॉटर कूलर असेल तर रेडिएटर वर लावा, पंप त्या सगळ्यात सर्वात उंचावर येता कामा नये कारण हवेचे बुडबुडे वर जातात आणि पंपात अडकले की तो खुरखुरायला लागतो.

ग्राफिक्स कार्ड शेवटी

सगळ्यात वरचा लांब स्लॉट. त्याच्या रेषेतल्या मागच्या पत्र्याच्या पट्ट्या काढा, बहुधा दोन, जाड कार्डाला तीन. स्लॉटच्या टोकाचा खटका उघडा, कार्ड सरळ खाली दाबा, टक्क, आणि मागे स्क्रू. कार्डाला दोन ८ पिनांची सॉकेटं असतील तर एकाच वायरीच्या दोन फाट्यांवर भागवण्यापेक्षा दोन वेगळ्या वायरी लावा. नवीन कार्डांचा १६ पिनांचा बारीक कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत गेलाय याची नजरेने खात्री करा, अर्धवट बसलेला तापतो आणि वितळल्याची उदाहरणं आहेत. त्या वायरीला कनेक्टरच्या तोंडाशीच वाकवू नका, तीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ द्या.

वायरी मागच्या बाजूला बांधा, सुंदर नको, मागचं दार बंद होण्यापुरत्या बास. फक्त एकही वायर फॅनच्या पात्यात जाणार नाही हे बघा.

चालू होत नाही?

मागच्या एसएमपीएसचा स्विच चालू आहे का ते आधी बघा. हसू नका. फॅन फिरतायत पण स्क्रीन काळी असेल तर मॉनिटरची वायर बोर्डाला लावलीये का ते बघा, कार्ड असेल तर ती कार्डालाच हवी. मग प्रोसेसरची ८ पिनांची वायर, मग रॅम काढून परत टक्क होईपर्यंत, मग एकच कांडी लावून. आजकाल बऱ्याच बोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (डिस्क) असे चार छोटे दिवे असतात, जो पेटून राहतो तिथे गाडी अडलीये.

बायोसमध्ये गेलात की प्रोसेसरचं तापमान बघा. तिथे तो काहीच काम करत नसतो, ३० ते ५० अंश ठीक, ८० च्या वर चढत गेला तर कूलर नीट टेकलेला नाही. आणि रॅमचं एक्सएमपी किंवा एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे तिला बॉक्सवर लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग, चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम घेऊन ती बऱ्याचदा ४८०० वरच चालत राहते.

उरलेल्या मॉड्युलर वायरी एसएमपीएसच्याच बॉक्समध्ये ठेवा आणि त्यावर मॉडेलचं नाव लिहा. उद्या एसएमपीएस बदललात तर जुन्या वायरी तशाच ठेवून नवीन लावावासा वाटेल, कारण इतकं सुंदर बांधलेलं कोण सोडणार. एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची रचना प्रत्येक कंपनीची, कधी कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांचीही वेगळी असते, कनेक्टर मात्र आरामात बसतो. पहिल्या करंटला हार्ड डिस्क आणि एसएसडी जातात, आतल्या डेटासकट. वायरी नवीनच लावा.